‘मराठीतले गंगनम स्टाईल’ कशाला हवे?

संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे २०२४ च्या सुरुवातीला आले, बघता बघता मराठी न कळणाऱ्यांच्या रील्समध्येही वाजू लागले आणि त्याबरोबर एक जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूचे म्हणणे असे, की मराठी गाणे आता जागतिक झाले, कोट्यवधी व्ह्यूज हाच त्याचा पुरावा. दुसरी बाजू म्हणते, की असल्या ठेक्याच्या गाण्यांनी भाषेचे काही भले होत नाही आणि जगभर गाजलेल्या कोरियन ‘गंगनम स्टाईल’च्या पंगतीला बसायला मराठीला अजून बराच अवकाश आहे. ही दोन टोके भासत असली, तरी दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट न तपासता धरून चाललेली दिसते. परदेशातले व्यापारी यश म्हणजे गाण्याच्या, आणि त्याच्या आडून भाषेच्या, मोठेपणावर लागलेला निकाल, असे दोघेही मानतात. मला हे मान्य नाही. एखादे गाणे देशोदेशी खपणे ही मुख्यतः बाजाराच्या इतिहासातली घटना असते. मोजणीचे नियम काय आहेत, वाटप कोणाच्या हातात आहे, हक्क कोणाच्या नावावर आहेत आणि या सगळ्यामागे घरचा धंदा किती भक्कम आहे, यावर ती ठरते. त्यामुळे ‘मराठीतले गंगनम स्टाईल कधी येणार?’ असे विचारणाऱ्यांनी आधी हे विचारायला हवे, की मराठी गाणे मराठी मुलखातच इतके वाजते, तेव्हा ते करणाऱ्याच्या पदरात काय पडते?

ज्या गाण्याचा दाखला उठसूट दिला जातो, त्याचीच हकीकत पाहू. ‘गंगनम स्टाईल’ १५ जुलै २०१२ रोजी प्रसिद्ध झाले. साय या नावाने गाणारा पार्क जे-सांग तेव्हा नवखा नव्हता. त्याचा पहिला अल्बम २००१ चा, आणि त्यातल्या मजकुरावरून त्याला दंडही झाला होता. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वातावरणात त्याचे ‘चॅम्पियन’ कोरियात घरोघर पोचले. पहिल्या वेळची लष्करी सेवा नियमाप्रमाणे झाली नाही असे ठरल्यामुळे त्याला ती दुसऱ्यांदा करावी लागली, आणि त्यात उमेदीची काही वर्षे गेली. ‘गंगनम स्टाईल’ आले ते त्याच्या सहाव्या अल्बममध्ये. सोल शहरातल्या गंगनम या धनिक वस्तीतला थाट आणि तो थाट परवडत नसताना त्याची नक्कल करणारे लोक, यांची ती टिंगल होती. हे गाणे परदेशासाठी केलेच नव्हते, घरच्या श्रोत्यांसाठी केले होते, असे साय स्वतः सांगत आला. २१ डिसेंबर २०१२ रोजी त्या गाण्याची चित्रफीत यूट्यूबवर १०० कोटी व्ह्यूजचा टप्पा गाठणारी पहिली ठरली.

याच्या शेजारी त्याच्या तीन वर्षे आधीची दुसरी घटना ठेवली पाहिजे, जी आपल्याकडच्या वादात कधीच येत नाही. वंडर गर्ल्स हा कोरियातला लोकप्रिय मुलींचा संघ त्यांच्या कंपनीने जाणूनबुजून अमेरिकेत नेला. ‘नोबडी’ हे त्यांचे गाजलेले गाणे इंग्रजीत करून घेतले आणि जोनस ब्रदर्स या अमेरिकी बँडच्या दौऱ्यात त्यांना गायला लावले. ऑक्टोबर २००९ मध्ये ते गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी मासिकाच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरले. कोरियन कलाकारांना त्या यादीत प्रथमच प्रवेश मिळाला होता, पण क्रमांक होता ७६. पैसा, भाषांतर, नियोजन, मेहनत, कशातच कसूर नव्हती. तीन वर्षांनी स्वतःच्याच गावाची टर उडवणारे, अस्सल कोरियन भाषेतले गाणे त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले. परदेश डोळ्यांसमोर ठेवून गाणे केले की परदेश मिळतो, या समजुतीला यापेक्षा सणसणीत उत्तर शोधूनही सापडणार नाही.

आणि ते दुसऱ्याच क्रमांकावर का राहिले? सलग सात आठवडे ते तिथे होते, वर मरून फाईव्ह या अमेरिकी बँडचे ‘वन मोअर नाइट’. डाउनलोडच्या विक्रीत साय आघाडीवर होता आणि यूट्यूबवर तर त्याच्या आसपासही कोणी नव्हते. पण तेव्हाच्या ‘हॉट १००’च्या हिशेबात यूट्यूबवरचे पाहणे धरलेच जात नसे, रेडिओवरचे वाजणे मात्र धरले जाई. परभाषेतल्या गाण्याच्या बाबतीत अमेरिकी रेडिओ केंद्रांनी हात आखडता घेतला आणि पहिला क्रमांक हुकला. फेब्रुवारी २०१३ मध्ये बिलबोर्डने नियम बदलून यूट्यूबचे आकडे हिशेबात घेतले, आणि त्याच आठवड्यात ‘हार्लेम शेक’ हे गाणे थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. हा नियम काही महिने आधी आला असता, तर आज आपण कोरियन भाषेतले गाणे २०१२ मध्येच अमेरिकेत पहिले आले असे सांगत असतो. गाणे तेच, नाच तोच, ऐकणारेही तेच. मग पहिला आणि दुसरा यांतला फरक गाण्यात होता, की तराजूत?

तराजूबद्दल आपल्याकडेही सांगण्यासारखे आहे. २०१९ मध्ये एका भारतीय रॅपरच्या गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा आणि जागतिक विक्रम मोडल्याचा दावा केला गेला. त्या पाहण्यांतला मोठा वाटा पैसे मोजून केलेल्या जाहिरातींतून आला होता. यूट्यूबने तो विक्रम मानला नाही, आणि त्याच वर्षी २४ तासांच्या विक्रमासाठी जाहिरातीचे व्ह्यूज धरणार नाही असे जाहीर केले. जे व्ह्यूज विकत मिळतात, त्यांच्यावरून भाषेचे भवितव्य वाचायला निघणे म्हणजे भाडोत्री वऱ्हाड मोजून घराण्याचा मान ठरवण्यासारखे आहे. ‘गुलाबी साडी’चे यश तसले आहे असे मी मुळीच म्हणत नाही, ते गाणे लोकांनी आपल्या पायांनी उचलले. मुद्दा इतकाच, की आकडा ही साक्ष आहे, आणि साक्षीची उलटतपासणी करावी लागते. (डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाईल’ने २,१४,७४,८३,६४७ ही संख्या ओलांडली. जुन्या मोजणीयंत्रणेत यापुढचा आकडा मावत नसल्यामुळे यूट्यूबला ती यंत्रणाच वाढवावी लागली. निदान ती साक्ष यंत्रालाही झेपली नाही, एवढे तरी खरे.)

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेतो. ‘गंगनम स्टाईल’ने कोरियाचा फायदा झाला नाही, असे कोण म्हणेल? ज्या देशाचे नाव मोटारी आणि टीव्ही संच यांपलीकडे फारसे घेतले जात नव्हते, त्याची गाणी जगभरच्या मुलांच्या तोंडी बसली. आठ वर्षांनी बीटीएस हा कोरियन मुलांचा संघ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले, तेव्हा श्रोत्यांच्या कानांना कोरियन उच्चार अनोळखी राहिलेले नव्हते. ‘डायनामाइट’ हे २०२० मधले त्यांचे पहिले क्रमांकाचे गाणे इंग्रजीत होते, हेही मान्य करायला हवे. म्हणजे रेडिओची भिंत पुरती पडली नव्हती, भाषेचा अडसर खराच आहे आणि इंग्रजीने वाट सोपी होते. हे सगळे मला कबूल आहे. पण यातून निघणारा क्रम मात्र उलटा लावला जातो. एक गाणे गाजले आणि मग धंदा उभा राहिला, असे झालेले नाही. एसएम एंटरटेनमेंट ही कोरियन संगीत कंपनी १९९५ ची, सायची वायजी त्यानंतरच्या वर्षाची, वंडर गर्ल्सची जेवायपी १९९७ ची. २००२ मध्ये बोआ या कोरियन गायिकेचा अल्बम जपानच्या ओरिकॉन यादीत पहिला आला. तालमींची घरे, गीतकार-संगीतकारांच्या फळ्या, नृत्यदिग्दर्शक, टीव्हीवरचे साप्ताहिक स्पर्धांचे कार्यक्रम, जपानी बाजाराची सवय, हे सारे दीड दशक रचले जात होते. लॉटरी लागली ती तिकिटे घेत राहिलेल्या घरात.

एकट्या गाण्याने वाट तयार होत नाही, याचा पुरावा त्याआधी अर्धशतक जपानने देऊन ठेवला आहे. १९६१ मध्ये क्यू साकामोतो या तरुण गायकाने एक गाणे म्हटले. डोळ्यांतले पाणी गालांवर ओघळू नये म्हणून वर पाहत चालणाऱ्या माणसाचे ते गाणे. शब्द रोकुसुके एई यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्ध १९६० मध्ये जपानमध्ये मोठे आंदोलन झाले आणि ते फसले. त्या हताशेतून हे शब्द आले असे सांगितले जाते. पाय रेकॉर्ड्स या ब्रिटिश कंपनीचे प्रमुख लुई बेंजामिन कामानिमित्त जपानला गेले असता त्यांच्या कानांवर हे गाणे पडले. त्यांनी परत येऊन केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाकडून त्याची नुसती धून वाजवून घेतली आणि मूळ नाव इंग्रजांना पेलणार नाही म्हणून तिला ‘सुकियाकी’ हे जपानी मांसाहारी पदार्थाचे नाव देऊन टाकले. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने साकामोतोचे मूळ ध्वनिमुद्रण आणले, तेही याच नावाने, आणि जून १९६३ मध्ये ते तीन आठवडे ‘हॉट १००’च्या शिखरावर राहिले. युद्ध संपून अठरा वर्षेच झालेली असताना अमेरिकेतले श्रोते एक अक्षरही न समजता जपानी गाणे विकत घेत होते, ही गोष्ट लहान नाही.

पण पुढे काय झाले? साकामोतोचे त्यानंतरचे अमेरिकेतले गाणे पन्नासाच्या आतही आले नाही. जपानी गायकांची रांग लागली नाही. आशियाई भाषेतले गाणे त्या यादीत पुन्हा पहिले यायला २०२० उजाडावे लागले, आणि ते ‘डायनामाइट’नंतरचे बीटीएसचेच कोरियन गाणे होते. १२ ऑगस्ट १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात साकामोतोचा मृत्यू झाला, तोवर अमेरिकेत त्याची ओळख त्या एकाच गाण्याची राहिली होती. ‘जागतिक’ यशाची पताका फडकवणाऱ्यांच्या तर्काने पाहिले, तर ही सत्तावन्न वर्षे जपानी संगीताच्या दुष्काळाची ठरायला हवीत. वस्तुस्थिती अशी, की याच काळात जपान हा अमेरिकेखालोखाल जगातला दुसरा मोठा संगीतबाजार बनला. तिथला गायक, गीतकार, वादक जपानी श्रोत्याच्या पैशावर पोट भरत होता, आणि म्हणून त्याला अमेरिकेच्या दारात उभे राहण्याची गरज वाटत नव्हती. कोरियाला ती वाटली, कारण त्याचा घरचा बाजार लहान होता. ‘गंगनम स्टाईल’ जगभर गाजत असतानाच कोरियातले संगीतकार गाणी मातीमोल भावाने ऑनलाइन विकली जात असल्याबद्दल तक्रार करत होते. सायलाही घरच्या डाउनलोडमधून मिळालेली रक्कम परदेशी कमाईपुढे किरकोळ होती. निर्यात हा नेहमीच बळाचा पुरावा असतो असे नाही, कधी ती घरच्या अडचणीवरची तोड असते.

आता मराठीकडे यायला हरकत नाही. दक्षिण कोरियाची लोकसंख्या ५ कोटींच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. माणसांच्या हिशेबाने आपला घरचा बाजार कोरियाच्या दीडपट आहे. यावर कोणी म्हणेल की माणसे मोजून काय उपयोग, खिसे मोजा. बरोबर आहे. पण मराठी माणूस गाण्यावर खर्चच करत नाही, ही समजूत खरी नाही. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर जे पुस्तकांचे आणि गाण्यांचे ठेले लागतात, ते ज्याने पाहिले असतील त्याला हे पटेल. आधी कॅसेटी, मग सीडी, मग गाणी भरलेली मेमरी कार्डे आणि पेनड्राइव्ह. माध्यम बदलत गेले, पण भीमगीतांचे गिऱ्हाईक कमी झाले नाही. दूरगावाहून आलेला, रात्री मैदानातच पथारी टाकणारा माणूस जाताना गाणे विकत घेऊन जातो. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने महाराष्ट्रातल्या किती दुकानांची, किती रसवंतिगृहांची सकाळ सुरू झाली असेल, याची नोंद कुठल्या यादीत आहे? आगरी-कोळी हळदीची गाणी, गणपतीतले बेंजो, जत्रेतली लावणी हा सगळा बाजार आहे, त्यात रोकड फिरते, आणि तो कोणाच्याच तराजूवर चढत नाही. मुंबईतल्या बहुतेक खासगी एफएम वाहिन्यांचा दिवस हिंदी गाण्यांत जातो. अमेरिकी रेडिओने सायला दिलेल्या वागणुकीवर आपण चुकचुकतो, आणि आपल्याच शहरात आपल्याच गाण्याला मिळणारी तीच वागणूक अंगवळणी पडलेली असते.

अभिरुचीच्या बाजूने येणाऱ्या आक्षेपाला मी फार जागा देणार नाही. ठेक्याची गाणी लवकर शिळी होतात, हे खरे. सायच्याच पुढच्या गाण्यांचा आलेख बघा: २०१३ चे ‘जंटलमन’ अमेरिकेत पाचवे, २०१४ चे ‘हँगओव्हर’ सव्विसावे. पण शिळे होणे हा काही गुन्हा नाही. शांता शेळके यांनी गंभीर कविता लिहिली आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गो’ ही कोळीगीतेही लिहिली. त्या काळी या गाण्यांवर नाचणाऱ्यांना कोणी साहित्याचे मारेकरी ठरवले असते, तर आज ते हास्यास्पद वाटले असते. ज्या भाषेत नाचण्याजोगे गाणे होत नाही, तिच्यातला तरुण दुसऱ्या भाषेत नाचतो, आणि ते आपण गेली कित्येक वर्षे पाहतोच आहोत.

‘झिंगाट’चा दाखला दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देतात. २०१६ मध्ये ‘सैराट’मधून ते आले, २०१८ मध्ये ‘धडक’साठी अजय-अतुल यांनीच त्याचे हिंदी रूप केले. एक म्हणतो, बघा, शेवटी हिंदीच करावे लागले. दुसरा म्हणतो, बघा, हिंदीला मराठीची उसनवारी करावी लागली. मला यात जय दिसत नाही आणि पराजयही दिसत नाही. मूळ संगीतकारांनी स्वतःच ते काम केले, म्हणजे चालीची किंमत चाल करणाऱ्यांच्या घरात गेली, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. कारण असे नेहमी होत नाही. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क दहा शिलिंगांना देऊन टाकले. १९६१ मध्ये त्याच चालीवरचे ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आले, पुढे चित्रपटांत, नाटकांत, जाहिरातींत वाजत राहिले. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात वारला. त्याच्या मुलींना तडजोडीचे पैसे मिळाले ते २००६ मध्ये, कोर्टकचेरी करून. आंतरराष्ट्रीय व्यापारी यश याहून मोठे ते काय असते? आणि ते यश कोणाचे होते?

आपल्याकडे या बाबतीत एक खरी सुधारणा झाली, आणि योगायोगाने ती ‘गंगनम स्टाईल’च्या तीनच आठवडे आधीची आहे. २१ जून २०१२ रोजी कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती अमलात आली. तोवर गीतकार-संगीतकार ठोक रक्कम घेऊन मोकळे होत आणि पुढच्या साऱ्या वापराचे पैसे निर्मात्याकडे किंवा कंपनीकडे जात. दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्यांचा वाटा करारातही सोडून देता येत नाही. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी यासाठी बाजू लढवली होती. मराठी गीतकाराला हा हक्क हिंदीइतकाच लागू आहे. अडचण पुढे येते. मराठी गाण्याची सर्वांत मोठी मैफल जिथे रंगते, म्हणजे हळद, वरात, लग्न, तिथेच हा हक्क थांबतो. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात गाणे वाजवण्याला सूट आहे, आणि त्या समारंभाच्या व्याख्येत लग्नाची मिरवणूक व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळेही धरलेले आहेत. केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हीच सूट अधोरेखित केली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्याच धर्तीवर परिपत्रक काढले. हक्कधारक कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. परिपत्रक गेले, पण कायद्यातली सूट जागच्या जागी आहे.

घरच्या माणसांनी मांडवात स्पीकर लावून गाणे वाजवले, तर त्यांच्याकडून कोणी पैसे मागू नयेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण आजची हळद तशी राहिलेली नाही. लॉनचे भाडे आगाऊ भरलेले असते, डीजेवाल्याचा दर तासावर ठरलेला असतो, जनरेटरचे डिझेल वेगळे, लेझर लाइटचे वेगळे, आणि मंगलकार्य आहे म्हणून यांतला कोणीही आपले बिल माफ करत नाही. माफी फक्त ज्याच्या गाण्यावर सगळे नाचत आहेत त्याच्याकडून, न विचारता, घेतली जाते. गाणे वाजवण्याचा जो धंदा करतो त्याने त्या कमाईतला ठरावीक हिस्सा द्यावा, यजमानाला त्याची तोशीस नसावी, आणि तो हिस्सा ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्या कंपनीइतकाच गीतकार-संगीतकारांनाही पोचावा, एवढी दुरुस्ती मागता येण्यासारखी आहे. ‘गुलाबी साडी’च्या व्ह्यूजवर हिरीरीने भांडणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कोणी ती मागितल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.